घोडदरीच्या चढणीवर मलप्पा

मलप्पा ड्रायव्हर रागीट नव्हता. रागीट माणूस भडकतो, दोन शिव्या हासडतो आणि जेवायला बसतो. मलप्पा शिव्या देत नसे आणि विसरतही नसे. त्यानं एका माणसावर पावणेदोन वर्षं डूख धरला आणि रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी त्या माणसाचं नाव घेतलं. देवाचं नाव त्यानंतर.

लातूरला दत्तोपंतांची कापसाची जिनिंग होती. निजामाच्या राजवटीची ती शेवटची वर्षं. महायुद्ध संपत आलं तेव्हा दत्तोपंतांनी कुठून तरी एक डिझेलवर चालणारी लॉरी पैदा केली आणि जिनिंगचे बैल विकून टाकले. मलप्पा उदगीरकडचा, लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. आधी क्लीनर होता, मग अंगच्या हुशारीनं ड्रायव्हर झाला. बायको शिवम्मा एरवी मराठी बोलायची, पण चिडली की कानडीच.

नांदेडच्या स्टेशनावरून माल आणायचा तर वाटेत घोडदरीची चढण लागे. दोन मैलांची, वळणावळणाची. लॉरीमागं ट्रेलर असला की भल्याभल्यांची इंजिनं तिथं उकळून बसत. मलप्पाचं कधी बसलं नाही. चढण लागायच्या आधी तो बाभळीखाली थांबे. इंजिन बंद करत नसे, नुसतं घुरघुरत ठेवी. लॉरीच्या तोंडाशी पाण्याची जाळी असते, तिच्यात अडकलेली रुई निंबाच्या काडीनं टोकरून काढी. जिनिंगची लॉरी, तिच्या जाळीत कापूस नाही अडकणार तर काय! पण जाळीतून वारा गेला नाही तर आतलं पाणी निवत नाही, एवढी साधी गोष्ट जिनिंगमध्ये दुसऱ्या कुणाच्या डोक्यात शिरली नव्हती. मग पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघे. पायथ्यालाच पहिला गेर टाकी, तो माथ्यापर्यंत तोच. वाटेत चार ठिकाणी थांबे. क्लीनर ट्रेलरच्या चाकामागं दगड लावी आणि इंजिन चालूच ठेवून मलप्पा वाफ बसायची वाट बघे. पाणी सगळ्यात शेवटी, तेही इंजिन चालू असताना, थोडं थोडं.

बैलगाडीवाले त्याला मागं टाकून जाताना हसत. "मलप्पा, ढकलू का रं?"

"तुमी व्हा म्होरं. म्या येऊन राहिलो," तो शांतपणे म्हणे.

दत्तोपंतांचा मेहुणा वसंतराव जिनिंगचा कारभार बघायचा. गोरा, टापटिपीचा, आवाज मोठा. त्याला लॉरीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि कळत नाही हे कुणी बोललेलं चालत नव्हतं. मलप्पाशी त्याचं जमणं शक्यच नव्हतं.

त्या साली पोळा आला. जिनिंगमध्ये बैल तर उरले नव्हते, पण पोळा चुकवायचा कसा? दत्तोपंतांच्या पत्नी गोदावरीबाईंनी लॉरीचीच पूजा मांडली. आदल्या दिवशी खांदेमळणी म्हणून मडगार्डांना हळद-तूप चोळलं. पोळ्याच्या सकाळी पुरणपोळीचा घास बोनटला लावला. इथवर मलप्पालाही मौज वाटली. मग वसंतरावानं विकलेल्या बैलांची झूल काढली, आरसे लावलेली, जाड, दुहेरी शिवलेली, आणि लॉरीच्या तोंडावरून जाळीसकट ताणून बांधली.

"आता चला नांदेडला," तो म्हणाला. "गठ्ठे बांधायच्या प्रेसचं सामान येऊन पडलंय. ट्रेलर जोडा. जाता-येता गावोगाव लोकांनी बघितलं पाहिजे."

मलप्पानं डोक्यावरची टोपी नीट केली. "साहेब, पोळ्याला बैलाला झूल घालत्यात, पण त्या दिशी जुंपत न्हाईत. झूल घालायची तर आज गाडी उभी ऱ्हाऊ द्या. जुंपायची तर झूल काढा. जाळीला वारा लागतोय."

भोवती जिनिंगची माणसं उभी होती. त्यातला कुणीतरी फिसकन हसला, आणि तिथंच मलप्पाचं नशीब फिरलं. चारचौघांत हमाल हसलेला वसंतरावाला सोसला नाही. "शुभ कामात खोड काढू नकोस. ड्रायव्हर आहेस, ड्रायव्हरासारखा राहा."

जाताना लॉरी रिकामी होती, निभावलं. नांदेडच्या आवारातच मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी येताना मागं ट्रेलर, ट्रेलरवर लोखंड, आणि झूल तशीच. कॅबिनमध्ये दोघंच, क्लीनर पोळ्याला गावी गेलेला. घोडदरीच्या पहिल्या थांब्यालाच मलप्पानं ब्रेक दाबला. वसंतराव ओरडला, "थांबायचं नाही! समोरून लोक येताहेत, झूल घालून गाडी उभी दिसली तर हसतील." दुसऱ्या थांब्यालाही तेच. तिसऱ्याच्या अलीकडं पाण्याचं झाकण उडालं आणि वाफेनं समोरची काच आंधळी झाली. मलप्पा उतरून चाकामागं दगड लावायला धावला. तेवढ्यात वसंतरावानं कॅबिनमधली किल्ली ओढून इंजिन बंद केलं, ओढ्यातून बादली भरली आणि त्या लालबुंद इंजिनात धाडकन ओतली. टण्ण असा आवाज आला. इंजिनाचं हेड फुटलं होतं.

मलप्पा कपाळाला हात लावून खाली बसला. त्याला लेकरू दगावल्यागत झालं. वसंतराव मात्र गडबडीनं झूल सोडत होता. ती त्यानं घडी करून सीटखाली कोंबली, आणि लातूरला पोचल्यावर दत्तोपंतांना सांगितलं की ड्रायव्हर ढोसून होता, दामटून गाडी चालवली, इंजिन फुटलं. मिस्त्रीनं एवढंच सांगितलं की हेड फुटलंय. कशानं ते त्याला कुणी विचारलं नाही.

दत्तोपंत वाईट माणूस नव्हते, पण बायकोच्या भावाला खोटं पाडून ड्रायव्हरला खरं मानायचं, एवढी त्यांची छाती नव्हती. मलप्पाची नोकरी गेली. अमीनसाहेबांच्या पोलीस चौकीत गाडी चालवायचा परवाना जमा झाला. हे सगळं तो सोसू शकला असता. पण गळ्यात लिंग असलेल्या माणसावर दारूचा आळ आला, तो त्याच्या आधी गावी पोचला. सणाला मठाचे जंगमस्वामी घरोघर फिरले, आणि मलप्पानं पाय धुवायला तांब्या पुढं केला तेव्हा स्वामींनी पाय मागं घेतले. शिवम्मा दाराआड उभी राहून रडली. त्या दिवशी मलप्पानं बायकोला सांगितलं, "त्या वसंतरावाला पाणी पाजल्याबगर म्या मरणार न्हाई."

"बेडा," शिवम्मा म्हणाली. नको.

पण तिचं ऐकतो कोण? मलप्पा बिऱ्हाड उचलून थेट घोडदरीला आला. सडकेच्या कामावर खडी फोडायला लागला, आणि तिसऱ्या थांब्याजवळ, बरोबर त्याच जागी, त्यानं झोपडं घातलं. लोकांना वाटलं, बिचाऱ्याला काम मिळालं. काम कसलं! तो दबा धरून बसला होता. लातूरची गाडी नांदेडला जाणार तर ह्याच सडकेनं. उकळणार तर इथंच. तिथल्या कोरड्या माळावर त्यानं दोन पिंपं पुरली आणि शिवम्मा अर्ध्या कोसावरून पाणी आणून ती भरायची. येणाऱ्याजाणाऱ्या लॉऱ्यांना मलप्पा ते पाणी देई, आणि वर न्यायची रीतही फुकट शिकवी. ड्रायव्हर लोक दुवा देत. मलप्पाचं लक्ष दुव्याकडं नसे, लॉरीच्या दारावर कुणाचं नाव लिहिलंय तिकडं असे.

एक वैशाख तसाच गेला. दुसऱ्या वैशाखात ती आली. दत्तोपंतांची नवी लॉरी, तीही डिझेलचीच, मागं ट्रेलर, ट्रेलरवर बॉयलर. तिसऱ्या थांब्याच्या अलीकडं वाफेचा लोट सोडून उभी राहिली. ओढा ठणठणीत कोरडा. जिनिंगचं सगळं पुढचं साल त्या बॉयलरवर अवलंबून होतं आणि आता ट्रेलर मागं सरकू पाहत होता. ड्रायव्हर सटवाजी नवखा, घामानं निथळत ब्रेकवर उभा. कॅबिनमधून आधी वसंतराव उतरला, मागून खुद्द दत्तोपंत.

मलप्पा झोपड्यातून बाहेर आला. आधी त्यानं दोन दगड ट्रेलरच्या चाकामागं सारले. गाडीवर त्याचा राग नव्हता. सटवाजीला ओरडून सांगितलं, "इंजन बंद करू नगं. चालू ऱ्हाऊ दे." मग पिंपातून बादली काठोकाठ भरली, ती घेऊन वसंतरावासमोर आला आणि दोन्ही हातांनी पुढं केली.

वसंतरावाचा चेहरा उतरला. "मलप्पा... तू इथं?"

"हाव. पाणी घ्या, साहेब. इंजन बंद करा आन् आपल्या हातानं वता. त्या दिशी वतलं होतं तसंच."

"घ्या ना, वसंतराव," दत्तोपंत घाईघाईनं म्हणाले. त्यांना वाटलं ही माणुसकी चाललीय. "ओता लवकर. उन्हात माल अडकलाय."

वसंतरावानं बादली घेतली नाही. मलप्पानं ती आणखी पुढं केली, त्याच्या पोटाला टेकेपर्यंत. पाणी हिंदकळून वसंतरावाच्या धोतरावर सांडलं.

"अहो ओता की!" दत्तोपंत चिडले. "नाहीतर इकडं द्या, मी ओततो." त्यांनी बादलीला हात घातला आणि ते इंजिनाकडं वळले.

"नको!" वसंतराव किंचाळलाच. "दाजी, नको! तापल्या इंजिनात गार पाणी घातलं की हेड फुटतं!"

दत्तोपंत थांबले. ते इंजिनवाले नव्हते, पण व्यापारी होते, आणि माणूस काय बोलून गेला हे त्यांना बरोबर ऐकू यायचं. त्यांनी बादली खाली ठेवली. "हे तुम्हाला कसं ठाऊक?"

वसंतराव धोतराचा ओला सोगा पिळू लागला.

"मलप्पा म्हणाला, त्या दिवशी ओतलं होतं तसं. तुम्ही ओतलं होतंत?"

"मालक," मलप्पा म्हणाला, "जाळीवर झूल होती. बादली ह्यांची होती. म्या आजवर दारूला शिवलो न्हाई. स्वामींनी माज्या हातचं पाणी घेतलं न्हाई, मालक."

वसंतरावाची मान खाली गेली होती. दत्तोपंतांना आणखी पुराव्याची गरज उरली नाही. ते म्हणाले, "मी मठात येतो. स्वतः सांगतो स्वामींना. परवानाही सोडवून देतो. पण आज ही गाडी वर ने."

मलप्पाला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. दुसरा कुणी असता तर तिथं पाझरला असता. मलप्पानं वसंतरावाकडं पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि त्याला मुळीच दया आली नाही.

"नेतो," तो म्हणाला. "सटवाजी कॅबिनमंदी बसंल, त्याला शिकायचंय. क्लीनर न्हाई. दगड घेऊन ट्रेलरमागं वसंतराव चालतील."

दत्तोपंतांनी मेहुण्याकडं पाहिलं. "चाला," ते म्हणाले.

मलप्पानं वाफ बसू दिली, जाळीतली रुई काढली, इंजिन चालू ठेवून तांब्यातांब्यानं पाणी घातलं, पट्टा ताणला आणि पहिला गेर टाकला. लॉरी मुंगीच्या पावलानं निघाली. मागं वसंतराव, छातीशी दगड धरून, धोतर चिखलानं माखलेलं. माथ्यावरच्या गावाचा आठवडी बाजार होता, त्यामुळं सडकेला माणसांची रीघ. गाड्या थांबवून लोक बघत होते. "लावा दगड!" मलप्पा ओरडे, आणि वसंतराव वाकून दगड लावी. "उचला!" आणि तो उचली.

तिथून माथ्यापर्यंत दोन थांबे पुरले असते. मलप्पा बारा वेळा थांबला.

अकराव्या वेळी माथा हाकेच्या अंतरावर होता. वसंतरावाच्या तळव्यांची सालं गेली होती. शेजारून चालणारे दत्तोपंत कॅबिनच्या खिडकीशी आले आणि हळूच म्हणाले, "मलप्पा, बास झालं आता. वाफही दिसत नाही."

मलप्पानं खिडकीतून हात बाहेर काढून बोनटवर ठेवला. लोखंड चांगलंच निवलेलं होतं.

"न्हाई मालक," तो म्हणाला, "अजून लई तापलंय." गाडी दहा पावलं पुढं गेली, आणि त्यानं पुन्हा ब्रेक दाबला. "वसंतराव, लावा दगड."