काकांच्या घड्याळाचा लांब काटा

आधीच सांगते, मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. उतारा, लिंबू-मिरची, अंगात येणं… असलं काही वर्गात कुणी बोललं तर मी त्याची बिनपाण्याने करते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय. पण त्याहून जास्त चीड मला माझ्या चुलतभावाची येते, म्हणून लिहितेच.

जुळे सोलापूरला आमचं घर. खाली काका-काकी, वर मी. काका हवाई दलात मालवाहू विमानं उडवायचे. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ त्याच काळातलं — काळी तबकडी, तिच्यावर सरकारी मालाची खूण म्हणून छोटा बाण आणि बाजूला एक जादा बटण. एकदा दाबलं की मधला लांब काटा पळतो, पुन्हा दाबलं की थांबतो, तिसऱ्यांदा दाबलं की शून्यावर येतो. तेव्हा कुठलं आलंय जीपीएस! ढगात खालचं काही दिसत नसताना, अमुक वेगाने इतकी मिनिटं गेलो, आता वळायचं, हे वैमानिक या काट्यावर ठरवायचा. पुढे सरकारने ही घड्याळं भंगारात काढली, तेव्हा काकांनी आपलं लिलावातून सोडवून आणलं.

रिटायर झाल्यावरही सवय गेली नाही. काकी भाजीला निघाल्या की काका बटण दाबून म्हणायचे, "टेक ऑफ!" त्या परत येऊन चप्पल काढेपर्यंत काटा पळत राहायचा.

"मी काय इमान हाय व्हय?" काकी करवादायच्या. त्या मूळच्या दुधनीकडच्या.

"खाली उतरेपर्यंत जीव टांगणीला असतो गं," काका म्हणायचे.

काका गेले, घड्याळ शोकेसमध्ये गेलं. यंदा उन्हाळ्यात त्यांचा मुलगा शिरीष पुण्याहून आला. आल्या आल्या त्याने घड्याळाचे फोटो कुणा डीलरला पाठवले आणि मागचं झाकणही उघडून दाखवलं. उत्तर आलं — तबकडीचा रंग उडालाय, आतली स्प्रिंग तुटलीय, काही किंमत नाही. "मग राहू दे तुलाच," शिरीष मला म्हणाला. बापाचं घड्याळ होतं ते! मग काकींना म्हणाला, "आई, चार दिवस चल पुण्याला. हवापालट होईल." काकी दोन साड्या घेऊन गाडीत बसल्या.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. मी खालचं दार लावायला आत गेले, तर शोकेसमध्ये लांब काटा पळत होता. तास-मिनिटांचे काटे ठप्प आणि हा एकटाच पळतोय! मी बटण दाबलं, पुन्हा दाबलं. थांबेना. घड्याळ घेऊन तडक दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने माझ्यासमोर उघडलं. स्प्रिंगचे खरंच दोन तुकडे होते.

"मॅडम, हे चालूच शकत न्हाई," तो म्हणाला. काटा पळतच होता. त्याने घाईघाईने झाकण लावून घड्याळ माझ्या हातात दिलं.

चार दिवसांचे चार आठवडे झाले. फोन केला की शिरीष म्हणायचा, "आई रमलीय इथे." काकींकडे काही फोन द्यायचा नाही. आणि एक दिवस टेप घेऊन एक माणूस आला, खालच्या खोल्या मोजायला. म्हणे, घर विकायचंय! घर काकींच्या नावावर, काकी पुण्यात, आणि मोजमाप चालू. मी त्या माणसाला फाटकाबाहेर काढलं. शिरीषला फोन लावला, तर म्हणतो, "तू यात पडू नकोस." का नको पडू? काकींनी मला कडेवर घेऊन वाढवलंय.

नंतरच्या एका दुपारी मी वर पेपर तपासत बसले होते. घड्याळ समोरच टेबलावर होतं. आणि काटा थांबला.

तुमच्या मनात आता जे आलं असेल, तेच माझ्याही आलं. कसाबसा शिरीषला फोन लावला.

"काकी कशा आहेत?"

"मस्त. आत झोपलीय."

"उठून बघ आधी."

"अगं, झोपलीय म्हटलं ना! मी मीटिंगमध्ये आहे."

तेवढ्यात खालून हाक आली, "हाईस का गं घरात? किल्ली टाक की!"

मी तशीच धावत खाली गेले. काकी पायरीवर टेकल्या होत्या. शेजारी पिशवी, चेहरा उन्हाने रापलेला.

"काकी! कधी आलात?"

"ही बघ, आत्ता चप्पल काढली. सकाळी गुपचूप गाडीत बसले. माझं घर, अन् मलाच न इचारता इकतोय! पानी दे, लई तहान लागलीय."

माझ्या हातातला फोन चालूच होता. शिरीष सांगत होता, "काळजी करू नकोस, आई इथेच आहे." त्यानंतर मी त्याला जे बोलले ते इथे छापता येणार नाही.

पाणी पिऊन झाल्यावर मी काकींसमोर घड्याळ धरलं. त्यांनी पदराने काच पुसली आणि बटण दाबलं. माझ्या हाताला कधीच दाद न देणारा काटा टक्कन शून्यावर आला. काकी घड्याळ छातीशी धरून रडल्या, आणि मीही रडले.

कॉलेजातले सहकारी म्हणतात, सोलापूरच्या उन्हाने धातू प्रसरण पावतो. पावतो ना! पण तो काकींच्या जाण्या-येण्याची वेळ बघून पावतो का? माझ्याकडे याचं उत्तर नाही. चुकीचं उत्तर मात्र मी कुणाकडूनही ऐकून घेणार नाही.

हल्ली काकी रोज एकट्या मंडईला जातात. काटा हलत नाही. एकदा मी विचारलं, आता का नाही पळत?

"मी परत येते, हे त्यांना ठावं हाय की," काकी चप्पल घालत म्हणाल्या. "पोराला कवा कळायचं?"