दुसऱ्या सीटसाठी नवा पंखा

या, जरा जवळ सरका. आणि तो फोन आधी पालथा ठेवा बघू. समोर माणूस बसलंय, तर माणसाकडे बघावं. "थंडी पडली की नक्की घरी येतो, काकू," असं म्हणत तुम्ही सगळे इथे दुबई-शारजात वर्षंच्या वर्षं काढता. मग रागावू नको तर काय करू? ...असो. आज मंडळात सगळे जमलाच आहात, तर मला सुभाष भाऊजींबद्दल बोलायचंय.

यंदा गणपतीचं विसर्जन होऊन आठवडाही झाला नव्हता. सकाळी सईदचा फोन. सईद म्हणजे भाऊजींचा इथला अरबी दोस्त. दोघांनी मिळून एक छोटं विमान घेतलेलं. एरवी "भाभी, चाय रेडी?" असं ओरडणारा माणूस त्या दिवशी हळूच म्हणाला, "भाभी, घर पे और कौन है?" अल कुसैसच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये झोपेतच गेले भाऊजी.

माझे धाकटे दीर ते. रत्नागिरीहून इथे विमानांच्या वर्कशॉपात मेकॅनिक म्हणून आले. लग्न केलं नाही. सुट्टीच्या दिवशी जेवायला आमच्याकडे, अल नहदाला, हे ठरलेलं. पन्नाशी उलटल्यावर विमान चालवायचं लायसन्स काढलं आणि मग हे जुनं, दोन सीटचं विमान. चाकं ही एवढी जाड, माळावर, वाळूत कुठेही उतरणारं. मी म्हटलं, "भाऊजी, हे विमान आहे की पंख लावलेला ट्रॅक्टर?" तर म्हणाले, "ट्रॅक्टरच, वहिनी. पण यात पहिल्या तुम्ही बसणार."

डोंगरापलीकडे एक मातीची आखूड धावपट्टी आहे, शेजारी खजुराची वाडी. तिथे उतरून, दगडावर बसून मला थर्मासातला चहा पाजायचा, असा त्यांचा हट्ट. उतरायला काही नाही हो, अडतं ते परत उडताना. दोन माणसांचं वजन, इथली तापलेली हवा... पुढचा जुना दोन पात्यांचा प्रॉपेलर (मी आपला पंखाच म्हणते) एकट्या माणसालाच धड उचलायचा. म्हणून तीन पात्यांचा नवा, हलका पंखा मागवला. माझ्यासाठी, म्हणजे त्या दुसऱ्या सीटसाठी.

मला वाटलं, जुना काढला, नवा लावला, यल्ला, चला उडू! मिक्सरचं भांडं बदलतो तसं. पण नाही. या विमानाला, या इंजिनाला हाच पंखा चालतो याचे कागद लागतात. नाक हलकं झालं म्हणून अख्खं विमान पुन्हा तोलायचं. मग तपासनीस येणार, इंजिन चालवून बघणार, भाऊजी एकटे उडवून दाखवणार, तेव्हा कुठे मंजुरी. तोवर दुसरी सीट रिकामी.

आणि तेवढ्यात आली गेल्या वर्षीची खंडेनवमी. आमच्या घरची रीत, ज्या हत्यारावर पोट त्याची त्या दिवशी पूजा. भाऊजी दरवर्षी हँगरमध्ये पाने-पक्कड मांडून झेंडू वाहायचे. त्या वर्षी नव्या पंख्यालाही कुंकू लावलं, तेही तेलात कालवून, पाची बोटांनी, अगदी मनापासून. नंतर पुसलं हो. पण पात्याच्या कडेला धातूची पट्टी असते, तिच्या सांध्यात ते झिरपलं. तपासनीस आला, त्याने नख फिरवलं आणि विचारलं, ही लाल रेघ कसली? भाऊजींनी खरं काय ते सांगितलं. तो भला माणूस म्हणाला, "कुंकू आहे हे मी मानतो. पण त्याच्याखाली तडा नाही, हे मला दिसत नाही."

खलास. पंखा उतरवून, खोक्यात घालून परदेशी कंपनीकडे तपासायला. मी फोनवर हसले, "भाऊजी, स्वतः लग्न केलं नाहीत, आणि त्या बिचाऱ्याला कुंकू लावून सासरहून परत पाठवलंत!" तेही हसले. पण थंडीचा सगळा मोसम त्या खोक्याची वाट बघण्यात गेला.

गुढीपाडव्यानंतर पंखा परत आला, निर्दोष. पुन्हा बसवला, पण तपासनिसाची तारीख मिळेना. मीच म्हटलं, "अहो, एक छोटी चक्कर मारू. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना, वहिनी."



मंजुरी आली तेव्हा उन्हाळा पेटला होता. पेढे घेऊन आले. मी थर्मास धुऊनच ठेवला होता. तर म्हणाले, "आत्ता नको. या उन्हात हवा खड्ड्यातल्या रस्त्यासारखी उसळते, तुम्हाला उलट्या होतील. पहिली खेप सुखाची झाली पाहिजे. जरा थंडी पडू दे..."

थंडी पडू दे. इथे आपण सगळेच असं म्हणतो. ते चुकले असं मी म्हणणार नाही. कुंकवाला बोल लावत नाही, तपासनिसाला तर नाहीच. प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबरच केलं. तरी मन खात राहतं... त्या खजुरांखाली आमचा एक चहा राहिला.

जुना पंखा आमच्या हॉलमध्ये आहे, सोफ्यावरच्या भिंतीला. "रिटायर्ड माणूस आहे, सांभाळा," म्हणत त्यांनीच लावून दिला. पण स्वतः त्याच्याखाली कधी बसले नाहीत. पंख्याच्या पुढे थांबायचं नाही, तो बंद आहे असं कधी धरायचं नाही, ही मेकॅनिकच्या हाडात मुरलेली सवय. कायम कोपऱ्यातली वेताची खुर्ची. माझी नात म्हणायची, "आजोबा, इट्स नॉट इव्हन कनेक्टेड!" ते म्हणायचे, "ते तुला माहीत. त्याला माहीत आहे का?" आता तीच पोरगी सोफा सोडून बाजूला बसते. मी रोज पाती पुसते, तेही कडेला उभी राहून.

सईद म्हणतो, भाभी, विमान तयार आहे, मी नेतो. बघू... इन्शाल्ला. पण तुम्ही या. थंडीची वाट बघू नका. ऊन असलं तर असू दे, घरात एसी आहे. सोफ्यावर बसा, नाहीतर त्या वेताच्या खुर्चीत बसा, चालेल मला. चहा थर्मासातच भरून ठेवते. या शुक्रवारीच या.