भोपळ्यांच्या बाजेवरून पोहरादेवीला

अमरावतीचं कॉलेज मी दुसऱ्या वर्षात सोडलं, ते बायको गोदा इथं अन् मी तिथं हे सहन होईना म्हणून. लाज वाटत नाही. मानोऱ्याजवळच्या आमच्या मळ्यात वांगी-मिरची करू लागलो. सासऱ्यांनी मात्र जावई वकील होणार असं गावभर सांगून ठेवलेलं. नवरात्रात त्यांचा निरोप आला: "अष्टमीला पोहरादेवीला यात्रेत भेटा, कॉलेजात परत जायचं कबूल करा, नाही तर गोदा माझ्यासोबत माहेरी येईल. बैलगाडी पाठवतो."

माझं डोकं भणाणलं. म्हटलं, त्यांच्या गाडीत पाय ठेवणार नाही. बायकोला मी नदीनं नेईन!

अरुणावतीवर फिरायचं तर आश्विनातच. पाणी भरपूर, ओढ बेताची. डोंगा मिळेना, म्हणून जुन्या चालीप्रमाणे बाजेखाली आठ वाळके भोपळे बांधले, हाती वेळू घेतला. शिदोरीला भाकरी, ठेचा, शेंगदाणे. सप्तमीला सकाळी निघालो. घाई कसलीच नव्हती. गोदा पाय पाण्यात सोडून बसलेली, दोन्ही काठांवर ज्वारी निसवलेली. धुणं धुणारी एक म्हातारी ओरडली, "अवं माय, बाजेसगट पळवून नेऊन राह्यला का हा तुले?"

"पळवंल कायले? लगन लागलं हाय आमचं!" गोदा म्हणाली. मी उगाच वेळू जोरात मारला.

दुपारी बाज गोदाच्या बाजूनं कलली. एक भोपळा बुडबुडत होता.

"अहो, हा तं बियाचा भोपळा! भोक पाडून बी काढलं होतं म्या, वरून मेण लावलं. तुमी पाह्यलं नाई?"

"मग सांगायचं नाही?" मी खेकसलो.

"तुमी इचारलं काहून नाई? कॉलेजात तं मास्तरले इचारत असान!"

रागाच्या भरात पाण्यात उडी टाकली. छातीभर पाणी होतं. भोपळ्याच्या जागी खांदा लावला अन् नदी ओलांडायच्या उतारापर्यंत बाज तशीच नेली. गोदा वरून भाकरीचे घास भरवत होती. खरं सांगतो, दुसरा भोपळाही फुटावा असं वाटलं.

मुक्काम उतारावरच्या भोयांकडे केला. ते पैसे घेत नाहीत. मळ्यातली वांगी दिली. बाज तिथंच ठेवून पहाटे पायवाटेनं पोहरादेवीला गेलो. नगारा कोसभरावरून ऐकू येतो. बंजारा बायकांचे आरशांचे घागरे उन्हात असे चमकतात, की डोळे मिटावे लागतात. गर्दीत चपला हातात धरा. आण्यात गुळाची जिलबी पोटभर मिळते.

जिलबीच्या दुकानापाशीच सासरे भेटले.

"जवाईबापू, कॉलेजात जाता का?"

"नाही, मामाजी."

"मंग घरी कसे जासान? नदी तं उलटी वाहत नाई."

परतीचा विचार मी केलाच नव्हता. सासरे वळले, "गोदे, चाल गाडीत."

गोदा जागची हलली नाही. "बाबा, काल हे अर्धा दिस पाण्यात चालले अन् मी कोरडी आली. तुमच्या वकिलानं आणलं असतं का मले असं? मी ह्यायच्यासंग पायी जातो."

भर यात्रेत माझी छाती फुगली. लगेच निघालो. मागं सासऱ्यांची गाडी सावकाश येत राहिली. त्यांनी बसा म्हटलं नाही, आम्ही वळून पाहिलं नाही. कोसभरानं घुंगरं थांबली. सासरे उतरून आमच्या जोडीनं चालू लागले, गाडी गडी हाकत होता.

घरी येऊन आठ दिवस झाले. खांदा सोलला आहे. देवीचं दर्शन झालं, जिलबी झाली, नदी झाली. पण जवळ राहिलं ते वाटेतलं एवढंच. आम्ही तिघं चालत असताना समोरून सासऱ्यांच्या गावचा एक ओळखीचा आला अन् माझ्याकडे पाहून त्यांना म्हणाला, "हेच का वकीलसाहेब?"

सासरे थांबले. घसा खाकरला.

"माहा जवाई हाय. मळा करते."