कंबर, कोहळं आणि तिसरा मजला

तुमच्या बापाची कंबर दुखते, हे तुम्ही कागदावर सिद्ध करून दाखवाल का? आम्ही करायला गेलो होतो. मध्ये एक कोहळं आलं.

आमचे बाबा आलापल्लीकडच्या एका लाकडाच्या डेपोत मजूर. दोन वर्षांपूर्वी ट्रकवर चढवताना सागाचा ओंडका निसटून त्यांच्या कमरेवर आला. ओंडका त्याच दिवशी उचलला गेला, दुखणं अजून तिथंच आहे. ठेकेदार म्हणाला, "मोठ्या दवाखान्याचा दाखला आणा, गेटवर बसायचं काम देतो. नाहीतर ओंडके आहेतच!"

तयारी अर्थातच मी हाती घेतली. (मी पत्रकं वाचून मोठी झालेली मुलगी. आमच्या घरी पाळण्यालाही मागण्या चिकटवलेल्या असत.) आधी दुखण्याची वही केली.

"बाबा, दहापैकी किती दुखते?"

"तीन लिव."

"रात्री कुशीवर वळता येत नाई, अन् तीन?"

"माह्यापेक्षा जास्त दुखनारे लोक हायेत ना पोरी. दहा त्याइले ठेव."

मग सराव. आई बाबांचाच चष्मा लावून डॉक्टर झाली. "काय होते तुमाले?"

"काई नाई. बरं हाय."

"बाबा!!"

"अवो, कोनी विचारलं तर बरंच हाय म्हनाव लागते. सकाळी सकाळी लोकायले आपलं रडगानं काऊन सांगाव?"

आठ दिवस घासून मी त्यांच्याकडून "लई दुखते साहेब" एवढं पाठ करून घेतलं. सभेत भाषण ठोकणारी मी, घरात तीन शब्दांसाठी घाम गाळत होते!

तपासणीच्या दिवशी बाबा दाढी करून, धुतलेला सदरा घालून उभे. शेजारी पिशवीत आमच्या छपरावरचं सगळ्यात मोठं कोहळं. (तुमच्याकडचा लाल भोपळा.)

"हे कशाले?"

"मोठ्या मानसाकडं रिकाम्या हातानं जाते का कोनी?"

वाद घालायला वेळ नव्हता, बस सुटत होती. माझ्या एका हातात एक्स-रे आणि वही, दुसऱ्यात पत्रकांचा गठ्ठा. (रांगेत वाटायला. रांग दिसली की मला राहवत नाही.)

जिल्ह्याच्या गावी पोचलो तर तपासणी तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद! कंबर मोडलेल्यांना तपासायची खोली तिसऱ्या मजल्यावर! मी तिथंच पहारेकऱ्याला धरलं. "ही जागा ठरवली कोणी? त्याला आधी चढवा!" पाच-सहा माणसं जमली, पत्रकं वाटून झाली, माझा आवाज छान लागला. मागे वळून बघते तर बाबा नाहीत!

धावत वर गेले. बाबा दारात, खांद्यावर कोहळं, चेहरा घामानं निथळलेला. डॉक्टरांना पाहून आदरानं ताठ उभे राहिले. (ताठ! दोन वर्षांत पहिल्यांदा!)

"हे तुम्ही स्वतः उचलून आणलंत?"

"हो ना साहेब. घरचं हाय."

"खालपासून?"

"खालपासूनच. गोड हाय लई."

"आणि कंबर कशी आहे?"

"बरं हाय."

डॉक्टरांनी लिहिलं, 'ओझ्यासह तीन मजले चढतो.'

मी पेटले. "नाही चढले तर गैरहजर, चढले तर ठणठणीत! दुखणाऱ्या माणसानं करायचं काय?"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ताई, ते कोहळं तुम्ही का नाही घेतलं?"

"माझ्या हातात पत्रकं होती."

"कशाबद्दल?"

मला सांगावंच लागलं, "कष्टकऱ्यांच्या पाठीवरच्या ओझ्याबद्दल."

परतताना बाबा स्टँडच्या बाकावर पालथे पडले. पुढचे चार दिवस त्यांना उठवून बसवायला दोघी लागायचो. ते चार दिवस कुठल्या डॉक्टरनं पाहिले? कुठल्या कागदावर आहेत? वहीत मी ते तासातासानं लिहिलेत. बाबांनी स्वतःहून आकडा सांगितला, "नऊ लिव." (दहा अजून त्याइले ठेवलेत.)

दाखला अर्थातच मिळाला नाही. पुढच्या महिन्यात फेरतपासणी आहे. तोवर एक विनंती. तुमच्या घरात कोणी "बरं हाय" म्हणत असेल, तर दुसऱ्या दिवशी त्याला उठता आलं का, ते आजपासून लिहून ठेवा. तपासणीला सोबत जा. आणि माझ्यासारख्या शहाण्या असाल तर जाताना हात रिकामे ठेवा. कोहळं तुम्हाला उचलायचं आहे.