तळोज्यातला पडदा

“प्लास्टिक धुवायला जायली म्हणं पोरगी.”

परभणीच्या स्टँडवर काका कुणाला तरी हळूच सांगत होते. मी बॅगेची चेन लावायचं निमित्त करून वाकले. बाबांनीही ऐकलं होतं. “पडदा हाय तो,” ते म्हणाले. “उद्या गाड्या चालतील त्याच्यावर.” मला तेवढंच समजावता आलं होतं. इंग्लिश मीडियममुळे माझंच काम मला मराठीत सांगता यायचं नाही.

आता येतं. मिथेनॉलच्या फ्युएल सेलमध्ये एका बाजूला मिथेनॉल, दुसऱ्या बाजूला हवा आणि मध्ये पॉलिमरचा पातळ पडदा असतो. त्यातून प्रोटॉन जावेत, मिथेनॉल जाऊ नये. पण ते झिरपतंच, आणि वीज कमी मिळते. हे थांबलं तर मोबाइल टॉवरखालचे डिझेल जनरेटरही जातील. त्यासाठी मी खारघरला तिघींबरोबर राहते आणि रोज तळोज्याच्या लॅबमध्ये जाते.

मागच्या महिन्यात आमच्या पडद्यातून मिथेनॉल जवळजवळ झिरपलंच नाही. लॅबच्या सरांनी पेढे आणले. मी घरी कळवलं. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, “तुझे बाबा गल्लीभर सांगत फिरायलेत, पडदा पास झाला म्हणून.”

या सोमवारी मिथेनॉलच्या चाचणीचं भांडं उघडलं तेव्हा मला कळलं. पडद्याचं द्रावण ज्या पारदर्शक फिल्मवर ओतून वाळवतो, ती सोलायची राहिली होती. मिथेनॉल अडवलं होतं ते त्या फिल्मने. प्रोटॉनची चाचणी दुसऱ्या, सोललेल्या तुकड्यावर झाली होती, म्हणून कुणालाच शंका आली नाही. हा तुकडा मीच बसवला होता.

चार दिवस तो पाकिटात घालून पर्समध्ये वागवला. माझं कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात संपतंय. बाबांचा फोन आला की ‘मीटिंगमध्ये आहे’ असा मेसेज टाकायचे. पूर्वी घर म्हणजे परभणीच्या दोन खोल्या होत्या. आता घर म्हणजे संध्याकाळचा तो फोन, आणि नेमका तोच मी उचलत नव्हते.

शुक्रवारी एका कंपनीची माणसं आली. मोठ्या आकाराचा पडदा बनवायचा की नाही, हे त्यांना ठरवायचं होतं. सरांनी मिथेनॉलच्या चाचणीचा आलेख दाखवला.

“कमाल आहे यार,” त्यांच्यातला एक जण म्हणाला.

“सगळं आमच्या मॅडमचं काम,” सर म्हणाले. “महिन्यातून एकदा बोलतात, तेही मशीनशी.”

सगळे हसले. मी पाकीट टेबलावर ठेवलं.

“सर, हा आकडा चुकीचा आहे. पडद्यामागची फिल्म मी काढलीच नव्हती.”