सिस्टर घरी गेल्यात

हाडांच्या वॉर्डात तिला सगळे थोरली म्हणत. वयानं ती काही सगळ्यांत मोठी नव्हती. पण वॉर्डाची इन्चार्ज ती, आणि घरातल्या थोरल्या सुनेसारखं सगळ्यांचं सगळं तिच्याच डोक्यावर, म्हणून थोरली. हे मागे. तोंडावर मात्र ताई.

तिच्या वॉर्डात एक रीत होती, ती दुसऱ्या कुठल्याच वॉर्डात नव्हती. पाळीच्या मध्यावर थोरली एकेका नर्सच्या खांद्यावर टिचकी मारी आणि म्हणे, "जा, तू घरी." म्हणजे त्या नर्सनं मागच्या गॅलरीतल्या बाकावर जाऊन बसायचं, थर्मासमधला चहा प्यायचा, वाटलं तर नुसतं भिंतीकडे बघत राहायचं. तेवढा वेळ तिचे पेशंट थोरलीचे. कुणी विचारलं तर बाकीच्यांनी सांगायचं, "सिस्टर घरी गेल्यात." आता गॅलरी आणि वॉर्ड यांच्यामध्ये नुसती एक काच. घरी गेलेल्या सिस्टर बाकावर पाय घेऊन चहात बिस्किट बुडवताना सगळ्या वॉर्डाला दिसत. पण पेशंटांनीही हा खेळ मनावर घेतला होता. खुब्याचं हाड मोडून आलेले म्हातारे बॅण्डमास्तर तर नव्या पेशंटला दमच देत, "हाका मारू नका. त्या बाई घरी आहेत. तुम्ही घरी जेवायला बसलात आणि कुणी दारात येऊन बेडपॅन मागितलं तर चालेल का?"

ही रीत थोरलीनं सुरू केली त्याला कारण झालं होतं. वॉर्डातली सगळ्यांत हसरी नर्स एक दिवस चादरींच्या खोलीत सापडली. घडी घातलेल्या चादरींत तोंड खुपसून हमसाहमशी रडत होती. काय झालं म्हणाल तर काहीच नाही. पुढच्या महिन्यात ती नोकरी सोडून गेली. मग हॉस्पिटलनं एका गृहस्थांना बोलावून सभागृहात आनंदाचं शिबिर भरवलं. हात वर करा, मोठ्यानं हसा. शिबिर ठेवलं जेवणाच्या सुट्टीत. ज्या गेल्या त्या उपाशी राहिल्या, आणि उपाशी माणसाला हसवणं त्या गृहस्थांच्या बापालाही जमलं नसतं. थोरलीनं तेव्हाच ठरवलं की आपल्या पोरींचं आपणच बघायचं.

पोरींचं तिनं बघितलं. स्वतः मात्र ती एकदाही त्या बाकावर बसली नाही. "मी घरी गेले तर वॉर्डात कोण?" असं म्हणायची, आणि या प्रश्नाला उत्तर द्यायची कुणाची छाती नव्हती. तिचा चहा टेबलावर बशीखाली गार व्हायचा. येताजाता तो ती पाण्यासारखा घटाघटा पिऊन टाकायची.

अलीकडे तिचं काहीतरी बिनसलं होतं. रडू येत नव्हतं, रागही तसा नव्हता. आतून नुसती कोरडी पडली होती. त्या दिवशी सकाळी बॅण्डमास्तर ऑपरेशननंतर पहिल्यांदा वॉकर धरून चार पावलं चालले. सगळ्या वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्यानं एक हात सोडून सलामही ठोकला. आणि थोरलीच्या मनात आलं ते एवढंच, की आता हा वॉकर पुन्हा कोपऱ्यात कोण नेऊन ठेवणार. आपल्याच मनाची तिला भीती वाटली. असल्या चार पावलांसाठीच तर ती या कामात आली होती. सोमवारी मेट्रनबाईंना भेटायचं आणि नोकरी सोडते म्हणून सांगायचं, असं तिनं उभ्या उभ्या ठरवून टाकलं.

दुपारची पाळी घ्यायला आली ती चिवचिव. ही तिशीतली नर्स तोंडाला कुलूप म्हणून लावायची नाही, त्यावरून हे नाव. प्रत्येक खाटेपाशी उभं राहून थोरलीनं तिला पेशंट समजावून दिले. शेवटी चिवचिवनं हात पुढे केला. "ताई, किल्ल्या?"

कडक वेदनाशामकांचं कपाट कुलपात असे आणि त्याच्या किल्ल्या ज्याची पाळी त्याच्याकडे. पण किल्ल्या खिशात असल्या की थोरलीला बरं वाटे, म्हणून त्या ती अगदी शेवटी द्यायची.

"देते ना! पळून चाललेय का मी?" थोरली कडाडली. चिवचिवचा हात मागे गेला. तेवढ्यात कुणाचे तरी नातेवाईक आले, त्यांना उत्तरं देता देता थोरली जिन्यापर्यंत पोचली, आणि किल्ल्या खिशात घेऊन सरळ घरी गेली.

घर हॉस्पिटलमागच्या गल्लीतच. नवरा शिंपी, पुढच्या खोलीत मशीनवर बसलेला. त्यानं पाणी आणून दिलं आणि शेजारी बसला. थोरलीनं त्याचा हात हातात घेतला. सवयीनं तिची बोटं मनगटावर गेली आणि नजर घड्याळाकडे.

"चालू आहे का?" नवऱ्यानं विचारलं.

"काय?"

"नाडी. नाही, इतक्या वर्षांत नुसता हात कधी धरला नाहीस, म्हणून विचारलं." तो हसत उठला, तिचा एप्रन खुंटीला लावायला गेला आणि थांबला. "अगं, हे काय खुळखुळतंय?"

थोरलीनं एप्रनच्या खिशात हात घातला. किल्ल्या! पर्समधल्या मुक्या फोनवर चिवचिवच्या हाका ओळीनं पडल्या होत्या. चालल्यानंतर दुपारी बॅण्डमास्तरांचा खुबा ठणकणार हे तिला ठाऊक होतं, इंजेक्शनची वेळही तिनंच सांगून ठेवलेली. दुसरी किल्ली असे मेट्रनबाईंच्या कपाटात, त्या कपाटाची किल्ली मेट्रनबाईंच्या पर्समध्ये, आणि पर्स आज मेट्रनबाईंबरोबर भाचीच्या लग्नाला गेलेली. थोरली चपला उलटसुलट घालून धावत सुटली.

ती धापा टाकत वॉर्डात शिरली तेव्हा बॅण्डमास्तर उशीला टेकून शांत पडले होते. चिवचिवनं खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना गाठलं होतं, शेजारच्या वॉर्डातून रीतसर इंजेक्शन आणलं होतं, तोवर आयाबाईला म्हाताऱ्याजवळ बसवलं होतं. पण तेवढा वेळ म्हाताऱ्यानं टॉवेल दातांत धरून काढला होता. दातांचे वळ उमटलेला टॉवेल अजून उशाशीच होता. तो बघून थोरलीला लाज वाटली.

"मास्तर, माझी चूक झाली हो."

"झाली खरी," म्हातारा म्हणाला. "लई नाही, पण दुखलं." मग तिच्या पायांकडे बघून म्हणाला, "चपला तरी सरळ घाला आता."

थोरलीनं किल्ल्या चिवचिवच्या हातात ठेवल्या. "तुझ्यावर उगीच ओरडले. आणि ऐक, माझ्यानं आता होत नाही. मी नोकरी सोडतेय. सोमवारी सांगणार आहे."

चिवचिवनं किल्ल्या खिशात टाकल्या, वरून बटण लावलं आणि थोरलीच्या खांद्यावर टिचकी मारली.

"ताई, जा. तुम्ही घरी."

"अगं, मी घरूनच आलेय!"

"ते दिसतंय. पण घरी जाऊन आलेलं माणूस असं दिसत नाही."

थोरली ठाम उभी राहिली. मग वॉर्डाकडे तिनं एक नजर टाकली. सलाईनं चालू होती, खाटा नीट होत्या, कुणाचंही तिच्यावाचून अडलं नव्हतं. याचं तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटता वाटताच खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. ती गॅलरीत गेली. बाकावर बसली. आयाबाईनं थर्मासमधून वाफाळता चहा ओतून दिला, आणि थोरलीनं नेहमीच्या सवयीनं तो घटकन तोंडात घेतला.

"आई गं!"

जीभ चांगलीच भाजली. चहा गरम असतो हेच ती इतक्या वर्षांत विसरून गेली होती. डोळ्यांत पाणी आलं, त्यातच तिला हसू फुटलं, आणि मग हसू कुठलं नि रडू कुठलं हे तिचं तिलाच कळेना. काचेपलीकडे सगळा वॉर्ड माना वळवून बघत होता.

"त्या सिस्टरना काय झालं हो?" सकाळीच आलेल्या पेशंटनं घाबरून विचारलं.

"काही नाही," बॅण्डमास्तर म्हणाले. "त्या घरी गेल्यात. बघू नका तिकडे."

सोमवारी थोरली मेट्रनबाईंकडे गेली ती तुमच्या कपाटाची किल्ली पर्समधून काढून हॉस्पिटलात ठेवा असं सांगायला. सोडण्याचं काही बोलली नाही. जिभेला फोड आल्यामुळे ती जरा बोबडं बोलत होती, आणि किल्लीच्या गोष्टीत हसण्यासारखं काय आहे ते मेट्रनबाईंना शेवटपर्यंत समजलं नाही.