तिसरी मोजणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज माझं वय चोपन्न; ही गोष्ट घडली तेव्हा मी चाळिशीच्या आत होतो. इतकी वर्षं का गप्प बसलो? याचंही उत्तर मला नीट देता येत नाही. तुम्हाला मात्र सांगतो.

वर्ध्याला कापूस बाजाराच्या मागे आमची बियाणं तपासायची लहानशी प्रयोगशाळा होती. मी तिचा प्रमुख, हाताखाली चार माणसं. काम साधं होतं. पेरणीआधी गावोगावची सरकी यायची. ओल्या वाळूच्या ताटात शंभर सरक्या लावायच्या आणि ठरल्या दिवशी किती उगवल्या ते मोजायचं. प्रत्येक ताट दोघांनी मोजायचं, आणि दुसऱ्यानं पहिल्याचा आकडा पाहायचा नाही. हा नियम माझाच.

नियम चांगला होता—पण दोन आकडे जुळले नाहीत की मी चिडायचो. ओरडत नसे. फक्त वही परत सरकवून म्हणायचो, "पुन्हा मोजा." प्रयोगशाळा नीट चालते याची खूण म्हणजे जुळलेले आकडे, असं मला वाटायचं. खरंच वाटायचं का? की वही स्वच्छ दिसावी एवढंच हवं होतं? माणसं हुशार असतात. काही महिन्यांत दुसरा मोजणारा पहिल्याच्या वहीत हळूच डोकावू लागला. मला दिसत होतं. नागपूरचे वरिष्ठ म्हणाले, "तुमच्याकडे फरकच येत नाही!"—तेव्हा मी हसलो.

डोकावत नसे तो एकटा सुखदेव. तो सिंदी मेघेहून सायकलनं यायचा. तीन वर्षं हंगामी होता, आणि त्या वर्षी कायम व्हायचा होता. चिमट्यानं एकेक कोंब उचलून बघायचा. मुळी वाकडी किंवा कुजकी असली की बाजूला ठेवायचा. त्याचा आकडा नेहमी कमी; पक्क्या वहीत मात्र दुसऱ्याचाच जायचा.

आमचे जुने वामनराव वैतागायचे. "अबे, निघालं ना डोकं वर? मंग मोज! पोलीस हायस का तू?"

"काका, हे रोप उभं नाई राह्यत," तो म्हणायचा. "तुमीच पाहा मुळी."

"मी रिटायर होईन, तवा पाहीन!"

सगळे हसायचे. मीही.

त्या उन्हाळ्यात एका शनिवारी, सगळे दुपारीच घरी गेल्यावर, मी वाद असलेली अकरा ताटं स्वतः मोजली. तिसरी मोजणी. नऊ ताटांत सुखदेवचा आकडा बरोबर निघाला. उरलेल्या दोन ताटांत एकेका कोंबाचा फरक.

आणि आठवड्याभरानं त्याच्या गोपनीय अहवालात मी लिहिलं—"मोजणीत अचूकता नाही."

का लिहिलं? मी हे हजारदा उलगडायला बसलो आहे. त्याचे आकडे खरे मानले, तर तीन हंगामांच्या वह्या खोट्या ठरत होत्या, म्हणजे मी खोटा ठरत होतो—हे एक. पण तेवढंच? आदल्या दसऱ्याला तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. तेव्हापासून सकाळी "रामराम साहेब" बंद झालं, "जयभीम साहेब" सुरू झालं. मला ते खटकलं होतं का? नाही, असं मी स्वतःला बजावतो. मग हे सांगताना ते का आठवलं? मला कळत नाही. कोणत्या कारणाचा वाटा किती, हा हिशोब मला कधी जमला नाही.

तो कायम झाला नाही. हंगाम संपताच त्याला घरी बसवलं.

हुकूम मिळाल्यावर तो माझ्या टेबलाशी आला. मला वाटलं, नोकरीसाठी गयावया करील, नाहीतर भांडेल. त्यानं नोकरीचं नावही काढलं नाही.

"साहेब, माहे आकडे खरंच चुकून राह्यले होते काय? डोये बिघडले असन तं मले सांगा. दाखवून घेतो."

त्या क्षणी एक शब्द पुरला असता.

"चुकत होते," मी म्हणालो. आणि वर म्हणालो, "सेवाग्रामच्या इस्पितळात दाखवून या."

तो गेला. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून, एवढ्या उन्हात, सायकलवर. चार दिवसांनी परत आला आणि दारातच उभा राहिला.

"डाक्टर म्हणते, डोये चांगले हायेत."

मी समोरचा कागद वाचत राहिलो. मान वर केली नाही. मग त्याच्या चपलांचा आवाज व्हरांड्यातून दूर गेला.

त्याचे आकडे बरोबर होते. मला माहीत होतं.